वृषणकोषाच्या कातडीतील चुन्याच्या गाठी : बारा वर्षे लपवलेला आजार आणि त्याची शस्त्रक्रिया

माळरान

नमस्कार.

वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी माझ्या वृषणकोषाच्या, म्हणजे ज्या पिशवीत वृषणे असतात तिच्या कातडीत ज्वारीच्या दाण्याएवढी एक टणक गाठ हाताला लागली. ती दुखत नव्हती, खाजतही नव्हती, म्हणून मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. दोन वर्षांत तशा पाच झाल्या. बाराव्या वर्षी मोजल्या तेव्हा एकोणीस भरल्या आणि त्यांतली सर्वांत मोठी सुपारीएवढी होती. एवढ्या काळात माझ्या पत्नीखेरीज त्या कोणी पाहिल्या नाहीत, कारण मी कोणाला दाखवल्याच नाहीत. मुलगा लहान असताना त्याला पोहायला घेऊन जाण्याचेही मी टाळले, आणि त्याची रुखरुख आजही वाटते.

डॉक्टरांकडे जायची वेळ आली ती मोठ्या गाठीवरची कातडी पातळ होऊन फुटली तेव्हा. आतून पांढरा, ओल्या खडूसारखा लगदा बाहेर आला. तो पू आहे असे समजून एका डॉक्टरांनी मला प्रतिजैविकांच्या गोळ्यांचे दोन कोर्स दिले, पण लगदा काही थांबला नाही. त्यानंतर मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी बोटांनी दोन गाठी चाचपून पाहिल्या, कातडी ताणून त्यांचा पिवळसर पांढरा रंग पाहिला आणि हा बहुधा स्क्रोटल कॅल्सिनोसिस, म्हणजे वृषणकोषाच्या कातडीत कॅल्शियम साचण्याचा आजार असावा, कर्करोगाशी त्याचा संबंध नाही, असे तिथल्या तिथे सांगितले. ते वाक्य ऐकायला मी बारा वर्षे उशीर केला होता.

त्यांनी रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या : कॅल्शियम, फॉस्फरस, क्रिएटिनिन, युरिक अॅसिड, ड जीवनसत्त्व आणि पॅराथायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक. माझे कॅल्शियम ९.४ आणि फॉस्फरस ३.६ आले, म्हणजे दोन्ही अगदी नेहमीच्या मर्यादेत. या आजाराचे वैशिष्ट्यच हे आहे, असे त्यांनी समजावले : कातडीत कॅल्शियमचे खडे साचलेले असतात आणि रक्तात मात्र कॅल्शियम वाढलेले नसते. म्हणूनच त्याच्या नावाआधी ‘इडिओपॅथिक’, म्हणजे ज्ञात कारणाशिवाय होणारा, हा शब्द लावण्याची पद्धत पडली आहे. १८८३ मध्ये ल्युइन्स्की यांनी तो पहिल्यांदा नोंदवला आणि १९७० मध्ये शपिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला हे नाव देऊन स्वतंत्र आजार म्हणून मांडले, एवढा इतिहास मी नंतर वाचला.

आमच्या घरात मात्र कारण कधीच ठरून गेले होते. कॅल्शियमच्या गाठी आहेत म्हणजे खाण्यातून कॅल्शियम जास्त जाते आहे, असे म्हणून माझे दूध, दही, नाचणी आणि तीळ बंद झाले होते. पानाला लावलेल्या चुन्यामुळे हे झाले, असे वडीलधाऱ्यांचे ठाम मत होते. मी आठ महिने हे पथ्य पाळले आणि त्या आठ महिन्यांत दोन नव्या गाठी आल्या. चुना आणि तंबाखू सोडण्याची कारणे वेगळी आणि पुरेशी आहेत, पण या गाठींचा त्यांच्याशी संबंध नाही. रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण शरीर पॅराथायरॉइड, मूत्रपिंडे आणि हाडे यांच्या साहाय्याने काटेकोर राखत असते. एक पेला दूध कमी केल्याने कातडीतला साठलेला खडा विरघळत नाही. उलट वर्षानुवर्षे पथ्य केल्यास हाडांचे नुकसान होते.

औषधाने या गाठी जात नाहीत, हेही त्वचारोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले आणि मला शल्यचिकित्सकांकडे पाठवले. कमरेतून भूल देऊन शस्त्रक्रिया झाली. उजव्या बाजूला अकरा गाठी एकमेकींना चिकटून होत्या. त्यांच्यावरची कातडी लंबगोल आकारात गाठींसकट एकत्र काढली. विखुरलेल्या आठ गाठी लहान लहान छेद घेऊन एकेक काढल्या. वृषणांना हात लावावा लागला नाही, कारण या गाठी फक्त कातडीच्या जाडीत असतात आणि वृषणे त्यांच्या स्वतंत्र आवरणांत आत सुरक्षित असतात. ज्या भीतीने मी बारा वर्षे घालवली ती ‘पौरुष जाईल, मूल होणार नाही’ हीच होती, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे.

सगळे मिळून दीड तास लागला. दुसऱ्या दिवशी घरी आलो. टाके विरघळणारे होते. सूज आणि काळेनिळेपणा दहा दिवस राहिला. लंगोटासारखी घट्ट आधार देणारी अंतर्वस्त्रे तीन आठवडे वापरली आणि महिनाभर मोटारसायकल चालवली नाही. आज दोन वर्षे झाली. वण शोधावे लागतात.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला अशा गाठी असतील, किंवा घरात कोणाला असतील, तर कृपया इथे विचारा. नाव सांगण्याची गरज नाही.

पाणवठा

माळरान, तुम्ही हे लिहिलेत याबद्दल तुमचे आभार कसे मानावेत हे मला समजत नाही. माझ्या वडिलांचे वय ५८ आहे आणि ते गावी शेती करतात. मागच्या दिवाळीत त्यांना ताप आला असताना मी त्यांची शुश्रूषा करत होतो, तेव्हा अशाच गाठी माझ्या दृष्टीस पडल्या. ‘पंचवीस वर्षांपासून आहेत, तू त्यात लक्ष घालू नकोस’ असे म्हणून त्यांनी विषय थांबवला. आईला विचारले तेव्हा कळले की गावातल्या कोणीतरी त्यांना हा कर्करोग आहे आणि सुरी लागली की तो पसरतो, असे सांगितले आहे. पंचवीस वर्षे वडील हे ओझे एकट्याने वाहत आले आहेत. त्यांना तालुक्याला तरी कसे न्यावे आणि नेल्यावर नेमके कोणत्या डॉक्टरांना दाखवावे, हे कोणी सांगू शकेल का? इतक्या वर्षांनी या गाठींचे रूप बदलून त्या वाईट होतात का?

दवबिंदू

मी शल्यचिकित्सक आहे आणि अशा काही रुग्णांवर मी शस्त्रक्रिया केली आहे. पाणवठा यांच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : हा आजार सौम्य आहे आणि या गाठींचे कर्करोगात रूपांतर होत नाही. सुरी लागली की गाठ पसरते, या समजुतीने आपल्याकडे किती माणसे बरी होण्याजोग्या दुखण्यांनिशी घरी बसतात हे मी रोज पाहतो आणि मला त्याचे मनापासून दुःख होते.

तरीही वृषणकोषावरची प्रत्येक गाठ म्हणजे हाच आजार असे कोणी घरबसल्या ठरवू नये. तिथे साध्या मेदाच्या किंवा केराटिनच्या, म्हणजे केस-नखांत असते त्या प्रथिनाच्या पिशव्याही होतात, स्टिअॅटोसिस्टोमा नावाच्या तेलकट द्रवाच्या पिशव्या होतात आणि क्वचित गाऊटमुळे, म्हणजे रक्तात युरिक अॅसिड वाढून सांधे दुखण्याच्या आजारामुळे, युरेटचे (त्याच आम्लाच्या क्षाराचे) खडेही साचतात. वरच्या तपासण्यांत युरिक अॅसिड होते ते याचसाठी. सर्वांत महत्त्वाचा भेद हा आहे की गाठ कातडीत आहे की आत वृषणात. कातडी चिमटीत धरून उचलली असता गाठ तिच्याबरोबर वर आली तर ती कातडीची. गाठ आत वृषणाला लागून असेल, वृषण एका बाजूने जड किंवा मोठे झाले असेल, तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यात एक आठवडाही घालवू नये. सोनोग्राफीने त्याचा उलगडा लगेच होतो.

आता कारणाविषयी. माळरान यांनी ‘ज्ञात कारणाशिवाय’ असे लिहिले आहे आणि नाव तसेच आहे, पण त्यावर वाद आहे. १९८२ मध्ये स्वाइनहार्ट आणि गोलिट्झ यांनी अशा गाठींच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासून असे मांडले की, या मुळात कातडीतल्या एपिडर्मॉइड, म्हणजे कातडीच्या वरच्या थरासारखी भिंत असलेल्या, पिशव्या असतात, त्यांच्या आतल्या केराटिनवर हळूहळू कॅल्शियम साचते, पिशवीची भिंत झिजून नाहीशी होते आणि शेवटी फक्त खडा उरतो. एकाच रुग्णात भिंत शाबूत असलेली पिशवी, अर्धी कॅल्शियम झालेली पिशवी आणि भिंत नसलेला खडा, असे तिन्ही टप्पे सापडतात, हा या मताचा मोठा आधार आहे. याउलट काही रुग्णांत कुठेही भिंतीचा अंश दिसत नाही. म्हणून काहींनी घामाच्या नलिकांकडे, तर काहींनी कातडीखालच्या डार्टोस स्नायूच्या झिजेकडे बोट दाखवले आहे. मला व्यक्तिशः पिशवीचे मत पटते, कारण लहान गाठींत भिंत दिसते आणि जुन्या, मोठ्या गाठींत दिसत नाही, असे मी स्वतःच्या रुग्णांचे अहवाल वाचताना अनुभवले आहे.

शस्त्रक्रियेच्या दृष्टीने वृषणकोषाची कातडी ही शरीरातली फार उदार कातडी आहे. तिच्याखाली चरबीचा थर नाही, ती भरपूर ताणली जाते आणि तिचा रक्तपुरवठा उत्तम असतो. त्यामुळे निम्म्याहून अधिक कातडी काढावी लागली तरी उरलेली ओढून बहुतेक वेळा सरळ शिवता येते. मांडीची कातडी आणून लावण्याची वेळ अगदी विरळा येते. दोन-चार सुट्या गाठी असतील तर त्या जागेपुरती भूल देऊन काम होते. गाठी पुष्कळ असतील किंवा गठ्ठ्याने असतील तर पाठीतून भूल देणे रुग्णाला सुखाचे असते. पण याच उत्तम रक्तपुरवठ्याची दुसरी बाजू अशी की, कातडी सैल असल्याने आत थोडा जरी रक्तस्राव राहिला तरी पिशवी फुगते आणि तिथे रक्त साकळते. म्हणून आम्ही रक्तवाहिन्या एकेक करून बंद करण्यात शस्त्रक्रियेचा बराच वेळ घालवतो, डार्टोसचा थर आणि कातडी वेगवेगळी शिवतो आणि नंतर लंगोटाचा आधार सक्तीचा करतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्यांनी त्या आधीच सांगाव्यात आणि स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

पाणवठा, आपले वडील जिल्ह्याच्या ठिकाणी यायला तयार असतील तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात बाह्यरुग्ण विभागाचा केसपेपर काढून त्वचारोग विभागात किंवा शल्यचिकित्सा विभागात दाखवा. मूत्ररोगतज्ज्ञही ही शस्त्रक्रिया करतात. आपण मुलगा म्हणून तपासणीच्या वेळी बाहेर थांबा. वयस्क माणसे मुलासमोर बोलत नाहीत, डॉक्टरांशी एकट्याने बोलतात.

कातळफूल

हा धागा वाचून थोडे वेगळे पण जवळचे लिहिते. माझ्या धाकट्या बहिणीला डर्मॅटोमायोसायटिस आहे. तिच्या कोपरांवर आणि मांड्यांवर असेच चुन्याचे खडे तयार होतात, कधी कातडी फोडून बाहेर येतात आणि तिच्यासाठी ते अत्यंत वेदनादायक असतात. वरचे प्रतिसाद वाचून कोणाचा असा समज होऊ नये की कातडीतल्या कॅल्शियमच्या गाठी म्हणजे काढून टाकल्या की संपले. बहिणीच्या बाबतीत मूळ आजार स्नायूंचा आणि प्रतिकारशक्तीचा आहे आणि खडे हा त्याचा परिणाम आहे. एकदा कोपरावरचा मोठा खडा काढला, जखम भरायला तीन महिने लागले आणि शेजारी नवा खडा आला. तरीही कोपर टेकता येऊ लागले, म्हणून ती शस्त्रक्रिया व्यर्थ गेली असे मी म्हणणार नाही.

दवबिंदू

कातळफूल यांनी फार आवश्यक गोष्ट सांगितली. कातडीत कॅल्शियम साचण्याचे साधारण पाच प्रकार मानतात. बहिणीचा आहे तो ऊतींच्या इजेमुळे किंवा दाहामुळे होणारा प्रकार; स्क्लेरोडर्मात, म्हणजे कातडी घट्ट व ताठर होत जाण्याच्या आजारातही तो बोटांवर दिसतो आणि तिथे रक्तपुरवठाच कमी असल्याने शस्त्रक्रिया जपून करावी लागते. दुसरा प्रकार रक्तातले कॅल्शियम किंवा फॉस्फेट वाढल्यामुळे होतो, उदाहरणार्थ मूत्रपिंडे निकामी झाल्यावर किंवा पॅराथायरॉइड जास्त काम करू लागल्यावर. तिसरा ज्ञात कारणाशिवायचा. या धाग्याचा विषय त्यात मोडतो आणि लहान मुलांच्या चेहऱ्यावर, कानावर येणारी एकुलती एक चामखिळीसारखी पांढरी गाठही त्यातच येते. चौथा उपचारांमुळे होणारा. पाचवा, कॅल्सिफिलॅक्सिस, ज्यात बारीक रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचून कातडी मरते, हा बहुतांशी डायालिसिसवरच्या रुग्णांत दिसतो आणि जिवावर बेतू शकतो. नावे जवळची असली तरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि म्हणूनच गाठ साधी दिसली तरी आधी रक्त तपासायचे असते.

ओवी

चौथ्या प्रकाराचा आम्ही अनुभव घेतला आहे. माझी मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि पाच आठवडे नवजात अतिदक्षता विभागात होती. रक्त तपासण्यासाठी तिच्या टाचांना रोज टोचले जाई. ती वर्षाची झाली, उभी राहू लागली तेव्हा दोन्ही टाचांवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे कण दिसले. मी घाबरून गेले होते. बालरोगतज्ज्ञांनी सांगितले की, वारंवार टोचलेल्या जागी कॅल्शियम साचून असे होते, काही करू नका, आपोआप बाहेर पडतील. तसेच झाले, अडीच वर्षांची होईपर्यंत टाचा स्वच्छ झाल्या. त्याच विभागात शेजारच्या बाळाच्या हाताला शिरेतून कॅल्शियम देताना ते बाहेर झिरपले होते आणि तिथली कातडी पुढे दगडासारखी टणक झाली होती, हे त्याच्या आईने मला नंतर दाखवले. त्याच्या बाबतीतही हळूहळू फरक पडत गेला.

शिसवी

मी विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून अठरा वर्षे काम केले आहे. एक विनंती करण्यासाठी लिहीत आहे : काढलेली गाठ कधीही टाकून देऊ देऊ नका. ती फॉर्मेलिनच्या बरणीत घालून तपासणीला गेलीच पाहिजे, मग डॉक्टरांना कितीही खात्री असो.

असे नमुने आमच्याकडे आले की हाताला लगेच कळते. गाठ कापताना पात्याखाली वाळू कचकचावी तसा आवाज येतो आणि आतून पांढरी भुकटी निघते. नमुना तसाच मेणात बसवून कापायला घेतला तर मायक्रोटोमच्या, म्हणजे अतिशय पातळ काप करणाऱ्या यंत्राच्या पात्याला खाचा पडतात आणि काप फाटतात, म्हणून आम्ही तो आधी सौम्य आम्लात ठेवून त्यातले कॅल्शियम काढतो. मात्र एक तुकडा तसाच राखून ठेवावा लागतो, कारण व्हॉन कोसा रंगप्रक्रियेत चांदीच्या क्षाराने कॅल्शियमचे साठे काळे होतात. कॅल्शियमच काढून टाकले तर काळे व्हायला काही उरतच नाही. नेहमीच्या रंगांत हे साठे निळे-जांभळे दिसतात आणि पुष्कळदा त्यांच्याभोवती शरीराच्या पेशींनी घेर धरलेला असतो, जणू पायात मोडलेल्या काट्याभोवती धरावा तसा. दवबिंदू म्हणतात ती पिशवीची भिंत सापडते का, हे आम्ही प्रत्येक वेळी पाहतो. ती शोधायची तर गाठी अनेक आणि त्यांतही लहान गाठी पाठवल्या पाहिजेत. नुसती सर्वांत मोठी पाठवली तर उत्तर मिळण्याची शक्यता कमी होते.

निवडुंग

माळरान यांना एक प्रश्न विचारायचा आहे. मला अशा सात-आठ लहान गाठी आहेत, सगळ्या मुगाएवढ्या, आणि कसलाही त्रास नाही. वय ३१ आहे, अजून लग्न झालेले नाही. त्या काढल्याच पाहिजेत का? आणि काढल्यावर पुन्हा येतात का?

माळरान

निवडुंग, माझ्या डॉक्टरांनी मला सांगितले तेच मी आपल्याला सांगतो. त्रास नसेल आणि निदान पक्के असेल तर काढल्याच पाहिजेत असे नाही. कोणी घाई करून घाबरवत असेल तर त्याचे ऐकू नका. पण गाठी लहान आणि सुट्या असताना त्या जागेपुरत्या भुलेखाली तासाभरात निघतात. मी थांबलो आणि त्या एकत्र होऊन सुपारीएवढ्या झाल्या, तेव्हा कातडीचा मोठा भाग काढावा लागला. आपल्या वयात मी हा निर्णय घेतला असता तर फार बरे झाले असते, असे मला मनापासून वाटते.

परत येण्याविषयी : काढलेली गाठ परत येत नाही, परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी जे अगदी बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत ते राहून जातात आणि पुढे मोठे होतात. माझ्या डाव्या बाजूला दीड वर्षाने मोहरीएवढे दोन कण आले आहेत. मी सहा महिन्यांनी एकदा दाखवून येतो. ते वाढले तर दवाखान्यातच काढू असे ठरले आहे. लग्नाविषयी आपण स्पष्ट लिहिले नाही, पण ओळींमागची काळजी मला समजली, कारण तीच माझीही होती. हा आजार संसर्गाने लागत नाही, तो गुप्तरोग नाही आणि त्याने वैवाहिक जीवनात किंवा मूल होण्यात अडथळा येत नाही. आपल्या होणाऱ्या जोडीदाराला हे सांगता येईल एवढे सोपे आहे.

दवबिंदू

माळरान यांच्या उत्तराशी मी सहमत आहे. फक्त एक भर घालतो : अशा मुगाएवढ्या गाठी असतील तर कातडीचा तुकडा न काढता, गोल पात्याच्या पंचने वर छोटे छिद्र पाडून गाठ चिमटीने बाहेर दाबून काढण्याची पद्धतही वापरतात. वण फारच लहान राहतो. पण गाठीची भिंत आत राहू नये याची काळजी घ्यावी लागते, म्हणून सर्वच गाठींना ती योग्य ठरत नाही.

निवडुंग

आपण दोघांनी इतक्या मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल मी आपला ऋणी आहे. पुढच्या आठवड्याची वेळ घेतली आहे.

पाणवठा

पाच आठवड्यांनी परत लिहीत आहे. हा धागा मी मोठ्या अक्षरांत छापून गावी नेला आणि वडिलांच्या उशाशी ठेवला. एक शब्द बोललो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोठ्यातून आल्यावर त्यांनीच विचारले, ‘हा माळरान कोण? त्याला खरेच बरे वाटले का?’ मी हो म्हणालो.

त्यानंतर आम्ही जिल्ह्याच्या रुग्णालयात गेलो. दवबिंदू यांनी सांगितल्याप्रमाणे मी बाहेर थांबलो आणि वडील आत वीस मिनिटे होते. रक्तातले कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या नेहमीच्या मर्यादेत आल्या. सोनोग्राफीत वृषणे पूर्णपणे निरोगी दिसली. एकूण सव्वीस गाठी आहेत आणि काही फार मोठ्या आहेत, त्यामुळे पाठीतून भूल देऊन एकाच वेळी काढायचे ठरले आहे. काढलेल्या गाठी, लहानांसकट, तपासणीला पाठवाव्यात अशी विनंती मी शिसवी यांचा प्रतिसाद दाखवून केली आणि डॉक्टरांनी ती मान्य केली.

घरी येताना एसटीत वडील बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, तुझ्या आजोबांनाही होत्या, तेही कोणाला दाखवत नसत. शस्त्रक्रिया पेरणी आटोपल्यावर, पुढच्या महिन्यात आहे.